तालुक्याचा बातमीदार आणि पत्रकारांची परिषद



सुरुवातीलाच एक बारीकशी दुरुस्ती करून घेतो. दरवर्षी ६ जानेवारीला गावोगावच्या निमंत्रणपत्रिकांवर ‘बाळशास्त्री जांभेकर जयंती’ असं छापलेलं दिसतं. ६ जानेवारी ही बाळशास्त्रींची जयंती नव्हे. १८३२ साली त्या दिवशी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, म्हणून तो पत्रकार दिन. दुसऱ्यांच्या चुका चौकटीत छापणाऱ्या आपल्या जमातीनं निदान स्वतःच्या सणाची तारीख तरी नीट सांगावी. असो.

आज बोलायचं आहे ते पत्रकारांच्या परिषदेबद्दल. आपल्या भाषेत ‘पत्रकार परिषद’ हा शब्द दोन कामं करतो. पुढाऱ्यानं किंवा अधिकाऱ्यानं पत्रकारांना बोलावलं, चहा दिला आणि स्वतःच बोलला, तर ती पत्रकार परिषद. आणि पत्रकारांनी पत्रकारांना बोलावलं, स्वतःच्या पगाराबद्दल, कामाबद्दल, कायद्याबद्दल बोलले, तर तीही पत्रकार परिषदच. पहिलीची आमंत्रणं तुमच्या मोबाईलवर आठवड्याला दोन-तीन येतात. दुसरीचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. आणि त्या इतिहासात शिरूर अनंतपाळसारख्या गावचा बातमीदार कुठं बसलेला होता, हे तर सहसा विचारलंच जात नाही. मला तेच विचारायचं आहे.

३ डिसेंबर १९३९ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी मुंबईत मराठी पत्रकार परिषद स्थापन झाली. पहिले अध्यक्ष झाले काकासाहेब लिमये, पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाश’चे संपादक. ‘ज्ञानप्रकाश’ हे १८४९ सालापासून चालत आलेलं पत्र, म्हणजे मराठी पत्रकारितेचं एक जुनं घरच. काळ कसा होता पाहा. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालेलं. नोव्हेंबरात मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिलेला. युद्धाच्या नावाखाली वृत्तपत्रांवर नवी बंधनं आलेली. अशा वेळी एकेकट्यानं सरकारशी भांडण्यापेक्षा एकत्र बसावं, असं संपादकांना वाटलं. पुढच्याच वर्षी इंग्रजी-देशी अशा सगळ्या संपादकांची अखिल भारतीय परिषदही उभी राहिली. म्हणजे हवाच तशी होती.

आता, त्या ३ डिसेंबरला आपलं शिरूर कुठं होतं? जागेवरच होतं, पण निलंगा तालुक्यात, बीदर जिल्ह्यात आणि निजामाच्या राज्यात. इथली शाळा, कचेरी, कोर्ट, सगळ्यांची भाषा उर्दू. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तीन तालुके बीदरमधून निघून मराठवाड्यात आले. निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात गेला. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला, आणि शिरूरचा स्वतंत्र तालुका तर त्याच्याही बराच नंतरचा. एका माणसाच्या आयुष्यात या गावाचं जिल्ह्याचं ठिकाण दोनदा बदललं. बातमीदाराच्या दृष्टीनं ही किरकोळ गोष्ट नाही. जिल्ह्याचं ठिकाण बदललं की बातमी पाठवायची वाट बदलते, आणि ‘आमचा माणूस’ म्हणून ओळखणारा संपादकही बदलतो.

निजामाच्या राज्यात पत्रकारांनी परिषद भरवावी, हे शक्यच नव्हतं. १९२९ साली ‘गश्ती निशाण ५३’ नावाचं परिपत्रक निघालं होतं. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक; आपल्याकडची म्हातारी माणसं हा शब्द अगदी परवापरवापर्यंत वापरत असत. या गश्तीप्रमाणे जाहीर सभा घ्यायची तर सरकारची आगाऊ परवानगी लागे. वर्तमानपत्र काढायचं तरी परवानगी. मराठीत हैदराबादेतून लक्ष्मणराव फाटकांचं ‘निजाम विजय’ निघत होतं. नावातच पाहा ना, कशी कसरत आहे. पत्र चालवायचं तर पाटीवर निजामाचा विजय लिहावा लागतो, आणि आत जमेल तेवढं लोकांचं गाऱ्हाणं मांडायचं.

मग ही माणसं जमायची कुठं? साहित्याच्या नावानं जमायची. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन खुद्द हैदराबादेत भरलं, अध्यक्ष ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. भाषेच्या नावानं जमायची. तेलुगू बांधवांची आंध्र महासभा १९३० साली जोगीपेटला भरली, तिचे अध्यक्ष सुरवरम प्रताप रेड्डी. हे कोण? ‘गोलकोंडा पत्रिका’चे संपादक. मराठी भागाची महाराष्ट्र परिषद १९३७ साली परतूरला भरली, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली. दुसरं अधिवेशन १९३८ साली आपल्या लातूरला. वरवर पाहिलं तर या भाषिक परिषदा. शिक्षण मातृभाषेत द्या, वाचनालयांना परवानगी द्या, गश्ती मागे घ्या, असे ठराव. पण यातली कोणती मागणी पत्रकाराची नाही, सांगा? वाचायला शिकलेला माणूस, वाचनालय आणि सभेचं स्वातंत्र्य, या तिन्हींशिवाय वर्तमानपत्र चालतच नाही. मी तर म्हणेन, आपल्याकडची पत्रकारांची पहिली परिषद ही अशी दुसऱ्याच्या नावानं भरली.

याचा एक परिणाम झाला, तो नीट समजून घेतला पाहिजे. मुंबई-पुण्याकडे पत्रकार हा हळूहळू एक व्यवसाय होत होता. आपल्याकडे तो चळवळीचा एक हात राहिला. आ. कृ. वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ काढलं ते संस्थानाच्या हद्दीबाहेरून, कारण आत काढणं शक्यच नव्हतं. एका नावावर बंदी आली की दुसरं नाव घ्यायचं, त्यावर आली की तिसरं. वाचकांना नावाशी काही देणंघेणं नसे, हे ‘तेच’ पत्र आहे एवढं त्यांना कळे.

आणि हे पत्र आत येणार कसं? आपल्या भागाला बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली, १९११ साली ती लातूरपर्यंत आली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश मुलूख. लातूर म्हणजे मोगलाई. मधे करोडगिरीचे नाके. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. ज्या वाटेनं इथला कापूस आणि गळिताचा माल बाहेर जायचा, त्याच वाटेनं बाहेरचा छापील कागद आत यायचा. गाठोड्यात बांधून आलेला एक अंक पारावर एकानं वाचायचा, दहा जणांनी ऐकायचा. ‘खप’ हा शब्द अशा ठिकाणी फारसा कामाचा नाही. एका अंकामागं किती कान होते, ते कुणी मोजलं?

या काळातली एक गोष्ट मात्र सावकाश सांगितली पाहिजे, कारण तिच्या दोन टोकांपैकी एक टोक आपल्या जिल्ह्यात आहे.

शोएबुल्ला खान हा हैदराबादचा तरुण उर्दू पत्रकार. आधी ‘ताज’मध्ये, मग मंदुमुला नरसिंगरावांच्या ‘रय्यत’मध्ये काम केलेला. ‘रय्यत’ बंद पडल्यावर त्यानं ‘इमरोज’ हे दैनिक काढलं. इमरोज म्हणजे आज. हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावं, हे त्यानं उघडपणे लिहिलं. विलीनीकरणाची मागणी करणारं काही मुस्लिम प्रतिष्ठितांचं निवेदन त्यानं छापलं. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी तेव्हा जाहीर सभांमधून हात तोडण्याची भाषा करत होता. हा रझवी मूळचा वकील, आणि त्याची वकिली होती लातूरला. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री शोएबुल्ला काम संपवून घरी निघाला असताना त्याला गाठलं, गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. पहाटे तो गेला. त्यानंतर महिन्याच्या आत, १७ सप्टेंबरला, निजामानं शरणागती पत्करली. आपण मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन करतो तेव्हा हुतात्म्यांच्या यादीत एका उर्दू दैनिकाच्या संपादकाचं नाव आपल्या तोंडी येतं का, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं.

मुक्तीनंतर आपला भाग मोठ्या मराठी पत्रकारितेला जोडला गेला. ‘मराठवाडा’ औरंगाबादेतून निघू लागलं, आणि पन्नाशीच्या दशकात संपादक म्हणून अनंत भालेराव आले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग पाहिलेला माणूस. पुढे आणीबाणीत पुन्हा तुरुंगात गेला. १५ ऑगस्ट १९६८ पासून ‘मराठवाडा’ दैनिक झालं. या पत्रानं गावोगाव वार्ताहर नेमले. खरं तर ‘नेमले’ हा शब्द जरा मोठा होतो. गावातला एखादा शिक्षक, एखादा खादीवाला कार्यकर्ता, एखादा दुकानदार पोस्टकार्डावर बातमी पाठवायचा, ती छापून यायची, आणि तो वार्ताहर व्हायचा. नियुक्ती छापील अंकानंच होत असे. कागद वेगळा मिळत नसे.

आता दिल्लीकडे वळू. १९५२ साली पहिला प्रेस आयोग नेमला गेला. अध्यक्ष न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष, मराठी माणूस. १९५४ साली अहवाल आला, आणि त्यातून १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा निघाला. या कायद्यानं पत्रकाराला पहिल्यांदा कामगार म्हणून ओळख दिली. कामाचे तास, रजा, उपदान, नोकरीवरून काढायचं तर आधी नोटीस: संपादकाला सहा महिन्यांची, इतरांना तीन. पगार ठरवायला वेतन मंडळं. पुढे पालेकर, बछावत, मणिसाना, मजिठिया ही नावं पत्रकारांच्या तोंडी बसली ती याच कायद्यामुळं. एकेका परिषदेत झालेले ठराव, निघालेले मोर्चे, कोर्टातल्या तारखा, हे सगळं त्यामागं आहे. मजिठियांच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या, मालक मंडळी कोर्टात गेली, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिफारशी वैध ठरवल्या. तरीही किती जणांच्या हातात ती रक्कम पडली, हे मला इथं सांगायला नको.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं या कायद्यातले दोनच शब्द महत्त्वाचे आहेत. पत्रकार कोण? तर पत्रकारिता हा ज्याचा ‘प्रमुख व्यवसाय’ आहे तो. झालं. इथं शिरूरचा बातमीदार दाराबाहेर राहिला.

कारण त्याचा प्रमुख व्यवसाय काय? चार एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. किंवा बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान. किंवा पेपरची एजन्सी. बातमीवर घर चालवीन म्हटलं तर चूल पेटायची नाही. आंध्रातल्या सोमयाजुलु नावाच्या एका अर्धवेळ वार्ताहराचं प्रकरण साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयानं म्हटलं, अर्धवेळ आहे एवढ्यावरून कुणाला बाहेर काढता येणार नाही. पण पत्रकारिता हा त्याचा प्रमुख व्यवसाय असायला हवा. १९८१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ‘पूर्णवेळ किंवा अर्धवेळ’ असे शब्द आले. चांगलं झालं. ‘प्रमुख व्यवसाय’ मात्र तिथंच राहिला. २०२० च्या कामगार संहितेत हा कायदा सामावून घेतला, व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमं आली, आणि ‘प्रमुख व्यवसाय’ तिथंही आहेच.

हा माणूस काम काय करत होता, ते बघा. बातमी हातानं लिहायची, कागदाच्या एकाच बाजूला, म्हणजे जुळाऱ्याला सोपं जावं. पाकिटावर पेपरचं नाव, कोपऱ्यात ‘बातमी’ असं ठळक. संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचं, ओळखीनं. लातूरच्या स्टँडवर कुणीतरी ते उचलायचं. पुढं औरंगाबादला जाईपर्यंत बातमी तीन दिवसांची झालेली. तातडीची असेल तर तार. तारेत मराठी मजकूर इंग्रजी लिपीत लिहावा लागे, आणि ‘शिरूर’ म्हटलं की पुण्याजवळचं शिरूर धरलं जाई. बीड जिल्ह्यातही शिरूर आहेच. त्यामुळं ‘अनंतपाळ’ हे शेपूट बातमीदारानं आवर्जून लावायचं. अनंतपाळाच्या देवळानं गावाला नुसतं नाव दिलं नाही, बातमी चुकू नये याचीही सोय करून ठेवली. मग फॅक्स आला, मग ईमेल. तार तर जुलै २०१३ मध्ये कायमचीच बंद झाली.

या तालुक्यातली शहरी पेपरांना हमखास चालणारी एक बातमी म्हणजे उजेडची गांधीबाबाची यात्रा. जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास महात्मा गांधींच्या नावानं भरणारी गावजत्रा. पाळणे, कुस्त्या, मिठाईची दुकानं, आणि मधोमध गांधीजी. दरवर्षी कुणीतरी ती ‘अनोखी यात्रा’ म्हणून नव्यानं शोधून काढतो. घरणी नदीच्या पाण्याचं काय झालं, पीकविम्याचं काय झालं, हे मात्र आतल्या पानावर चार ओळीत. बातमीचं मोल इथं ठरत नाही, तिकडं ठरतं, ही तालुक्याच्या बातमीदाराची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

पण तक्रार करताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावचा वार्ताहर गावातच राहतो, आणि गावात तो कोणत्या वस्तीत राहतो यावरही बातमी ठरते. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामांतराला ‘मराठवाडा’ पत्राचा आणि खुद्द अनंतरावांचा विरोध होता. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या संपादकाची ही भूमिका होती, हे लपवून इतिहास सांगता येत नाही. त्या वेळी गावोगावच्या वार्ताहरांमध्ये जळालेल्या वस्तीतला माणूस किती ठिकाणी होता? १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढलं तेव्हा त्याची पैसे देऊन जाहिरातही छापायला ‘केसरी’नं नकार दिला होता. पत्रकारांची परिषद भरवायची तर परिषदेत कोण येऊ शकलं नाही, हेही एका वहीत लिहून ठेवावं लागतं.

आणि मग १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरली, ३० सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली, सुमारे आठ हजार माणसं गेली असा सरकारी आकडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून देशभरातले आणि परदेशातले पत्रकार आले. त्यांना किल्लारी हे एकच नाव माहीत होतं. सास्तूर कुठं, मंगरूळ कुठं, तळणी कुठं, होळी कुठं, कोणत्या गावाला कोणती वाट पावसात बंद होते, कोणत्या ढिगाऱ्याखाली कुणाचं घर आहे, हे सांगायला लागला इथलाच वार्ताहर. त्यातल्या अनेकांचे नातेवाईक त्याच ढिगाऱ्यांखाली होते. मोठ्या पेपरांत मोठी नावं छापून आली. वाटाड्याचं नाव छापायची पद्धत नव्हती, अजूनही नाही. आपत्तीच्या वार्तांकनावर पुढे शहरांत चर्चासत्रं झाली. अशा चर्चासत्रांत ढिगाऱ्याजवळ उभ्या राहिलेल्या तालुक्याच्या बातमीदाराला श्रोता म्हणून नाही, तर बोलणारा म्हणून बसवायला हवं, असं माझं मत आहे. परिषदेतून व्यवसायाला काही शिकायचं असेल तर ते अशाच माणसाकडून शिकता येतं.

आज काय चित्र आहे? मराठी पत्रकार परिषद आता जिल्हा आणि तालुका संघांची मिळून बनलेली संस्था आहे. तालुकाध्यक्षांचे मेळावे होतात. म्हणजे १९३९ साली संपादकांची असलेली परिषद हळूहळू बातमीदारांपर्यंत खाली आली. कायद्यानं ज्याला मोजलं नाही, त्याला संघटनेच्या सभासद पुस्तिकेनं मोजलं. ही मला फार मोठी गोष्ट वाटते. सरकारी अधिस्वीकृती नसेल, नियुक्तीपत्र नसेल, पगारपत्रक तर नसेलच, पण तालुका संघाच्या यादीत नाव आहे.

मात्र व्यासपीठाकडे पाहिलं की वाटतं, त्या दोन अर्थांपैकी पहिल्यानं दुसऱ्याला गिळलं की काय. मंडपाचा खर्च कुणी केला? फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा आहे? उद्घाटन, शाल, श्रीफळ, मान्यवरांची भाषणं, मग जेवण. आणि व्यवसायाची चर्चा? ती जेवणानंतर, निम्मे लोक परतीच्या गाडीला लागल्यावर. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला मानधन म्हणून महिन्याला नाममात्र रक्कम मिळते, किंवा तीही मिळत नाही, आणि ज्याला १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि नेत्याचा वाढदिवस अशा पुरवण्यांसाठी जाहिरातींचं टार्गेट दिलं जातं, तो मंडपाचे पैसे कुठून आणणार? सकाळी ज्या सरपंचाकडून शुभेच्छांची जाहिरात घ्यायची, दुपारी त्याच्याच घरकुलाच्या यादीबद्दल लिहायचं. हे ओझं मुंबईतल्या उपसंपादकाच्या खांद्यावर नसतं. तिकडं जाहिरात विभाग वेगळ्या मजल्यावर असतो.

आणि धोका कुणाला? मुंबईत जे. डे यांचा खून झाला ११ जून २०११ ला. ते मोठं नाव होतं, देश हादरला. पण २०२३ साली राजापूरचे शशिकांत वारिशे गेले, ते तालुक्याचे पत्रकार. रिफायनरीच्या जमिनीच्या व्यवहारांबद्दल लिहीत होते. ६ फेब्रुवारीला त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पत्रकार संघटनांनी आवाज उठवला आणि खुनाचं कलम लागलं. इथं परिषद कामाला आली.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा करा, ही मागणी संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरली. मोर्चे, उपोषणं, निवेदनं. शेवटी ७ एप्रिल २०१७ ला विधिमंडळानं तो मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळून २०१९ साली तो लागू झाला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. नुकसानभरपाईची तरतूद. देशात असा कायदा आणणाऱ्यांत महाराष्ट्र पुढे होता, अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. आता व्याख्या उघडून वाचा. माध्यमातली व्यक्ती कोण? जिचा प्रमुख व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जी नियमित किंवा कंत्राटी पद्धतीनं माध्यम संस्थेत कामाला आहे, ती. १९५५ चे तेच दोन शब्द बासष्ट वर्षांनी पुन्हा! सहा दशकं परिषदा भरल्या, ठराव झाले, आणि ज्या कायद्यासाठी तालुक्यातल्या माणसानं तहसील कचेरीपुढं उपोषण केलं, त्या कायद्याच्या उंबरठ्याशी त्यालाच ‘तुम्ही पत्रकार आहात का’ असं विचारलं जाण्याची सोय झाली. ज्येष्ठ पत्रकारांच्या सन्मान योजनेचंही असंच आहे. बाळशास्त्रींच्या नावाची योजना, ठरावीक वय आणि ठरावीक वर्षांचा अनुभव. अनुभव आहे हो, सिद्ध कशानं करायचा?

वेळ झालेली दिसते. एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेतो. एका तरुण मित्रानं विचारलंय, “आमच्याकडं नियुक्तीपत्र नाही, मागितलं तर काम जाईल. मग आम्ही करायचं काय?”

प्रश्न खरा आहे, आणि एकट्यानं मागितलं तर काम जाण्याची शक्यताही खरी आहे. म्हणून एकट्यानं मागू नका. तालुका संघाच्या बैठकीत ठराव करा, जिल्ह्याला पाठवा. ठरावात मागणी एकच ठेवा, व्याख्येतला ‘प्रमुख व्यवसाय’ बदलून ‘नियमित काम’ करा, म्हणजे शेती करणारा बातमीदारही आत येईल. दहा मागण्यांच्या ठरावातली एकही पुढं सरकत नाही. आणि दुसरं, जे आज रात्रीपासून करता येईल ते. मानधन शंभर रुपये असेल तरी बँकेत मागा, रोख घेऊ नका; पासबुकातली नोंद हा पुरावा आहे. कार्यालयाकडून आलेले मेसेज, ‘अमुक बातमी पाठवा’ म्हणणारे, ते पुसू नका, प्रिंट काढून ठेवा. छापून आलेली प्रत्येक बातमी कापून वहीत लावा. पण कात्रण लावताना नुसती बातमी कापू नका. पानाच्या माथ्यावरची पट्टी, जिथं पेपरचं नाव, आवृत्ती आणि तारीख असते, तीही सोबत कापून शेजारी चिकटवा. तारखेशिवायच्या कात्रणाला कचेरीत कुणी विचारत नाही.